नाशिकला 'लेक व्ह्यू' रूम घेताय? आधी महिना सांगा, मग बजेट

दिवाळी झाली की माझा फोन सुरू होतो. मामेभाऊ, नवऱ्याचे ऑफिसवाले, शाळेतली मैत्रीण जिच्याशी एरवी वर्षभर बोलणं नाही, सगळ्यांचं एकच, "ताई तू नाशिकलाच आहेस ना, आम्हा दोघांसाठी वायनरीजवळ तळ्याकाठी एखादं मस्त रिसॉर्ट सांग ना, जरा रोमँटिक वगैरे, पैशाचं बघू." मी गंगापूर रोडला राहते म्हणजे मला सगळ्या रिसॉर्टच्या चाव्या माहीत असतात असा लोकांचा समज आहे. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून यंदा एकदाच लिहून ठेवतेय, ज्यांना नाशिकची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. ज्याला रिसॉर्टवाले 'लेक' म्हणतात ते धरणाचं बॅकवॉटर असतं. पाणी धरणाचं, म्हणजे ते कुणाच्या तरी नळाला, शेताला, खाली मराठवाड्याला जायचं असतं आणि ते जातंच, तुमची अॅनिव्हर्सरी असो नसो. त्यामुळे तळं वर्षभर एका जागेवर नसतं. पावसाळ्यानंतर पाणी अगदी कुंपणापर्यंत आणि मे महिन्यात तेच पाणी लांब कुठेतरी चकाकणारी रेघ.

हे मी पैसे मोजून शिकलेय. लग्नाचा पाचवा वाढदिवस आमचा मे मध्ये, मी हौसेने लेक व्ह्यू कॉटेज घेतलं, नाव सांगत नाही, त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, मीच विचारलं नाही. सकाळी पडदा सरकवला तर समोर भेगा पडलेला चिखल, त्यात आठ-दहा म्हशी, आणि पाण्यापर्यंत गेलेले काळे पाइप, एका मोटरीचा टुक टुक टुक आवाज. नवरा म्हणाला, "व्ह्यू आहे की, लेक तेवढा आण तू." अजून ऐकवतो.

तर पहिलं काम, महिना ठरवणं

इथे दोन वेळापत्रकं असतात, पाण्याचं आणि द्राक्षाचं, आणि ती जुळत नाहीत हीच खरी गोची आहे.

पाणी भरतं जुलै-ऑगस्टमध्ये, सप्टेंबर-ऑक्टोबरला धरण काठोकाठ असतं, डोंगर हिरवेगार, ढग रूमच्या बाल्कनीत. पण तेव्हा वेलीला द्राक्ष नाही, नुसती पानं. इकडे द्राक्षाची छाटणी दोनदा होते, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिच्यातून पुढे फळ देणारी काडी म्हणजे फांदी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी जिच्यावर फळ धरतं. वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, तेव्हाच ते द्राक्ष तुडवण्याचे कार्यक्रम, गर्दी, फोटो सगळं. आणि खरड छाटणीनंतर बाग अशी दिसते की नुसते खांब, तारा आणि बोडके खुंट. म्हणजे मे मध्ये आलात तर पाणीही नाही आणि बागही नाही, वर ऊन. (स्विमिंग पूल असतो, पण तो पनवेललाही असतो.)

दोन्ही एकत्र हवं असेल तर डिसेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, पाणी बऱ्यापैकी टिकून असतं, घड लागलेले असतात, थंडी असते. थंडी म्हणजे खरी थंडी हां, जिल्ह्यात निफाडला तर दरवर्षी पारा कुठल्या कुठे उतरतो आणि पाण्याकाठी वारा वेगळा, मुंबईची मंडळी पातळ शिफॉन घालून सूर्यास्त बघायला बसतात आणि वीस मिनिटांत रजई मागतात. दोघांनाच शांतता हवी आणि द्राक्ष नसली तरी चालतील असं असेल तर माझं मत सप्टेंबर. नाशिक तेव्हा सगळ्यात देखणं असतं, लोकांना पटत नाही.

पाणी किती आहे हे घरबसल्या कळतं. गंगापूर धरण 1965 चं, क्षमता 5,630 दशलक्ष घनफूट, नाशिक शहर हेच पाणी पितं, त्यामुळे आमच्याकडे धरणातला साठा किती टक्के ही पेपरमधली कायमची बातमी. 'गंगापूर धरण साठा' असं सर्च करा, ताजा टक्का मिळतो. माझा अंदाज असा की सत्तरच्या वर असेल तर लेक व्ह्यूचे जास्तीचे पैसे द्या, चाळीसच्या खाली असेल तर सरळ गार्डन किंवा व्हिनयार्ड व्ह्यू घ्या आणि वाचलेल्या पैशात जेवा.

कोणतं पाणी?

नवीन माणसाला वाटतं 'नाशिकची वायनरी' म्हणजे एक जागा. तसं नाहीये, जिल्हा अवाढव्य आहे आणि चुकीच्या टोकाला रूम घेतली की अख्खा वीकेंड गाडीत जातो.

गंगापूर बॅकवॉटर हे पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी. शहरातून गंगापूर रोडने सरळ, सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन, पुढे सावरगाव, सीबीएस म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्टँडपासून बारा-पंधरा किलोमीटर. सुला इथेच. राजीव सामंतांनी 1999 मध्ये वायनरी काढली, पहिली वाइन 2000 ला आली, नाव आईच्या सुलभा या नावावरून. इथे एक घोळ कायम होतो तो सांगते. सुलाची राहायची दोन ठिकाणं घ्या, 'द सोर्स' हे वायनरीच्या आवारातच द्राक्षाच्या मळ्यात, आणि 'बियॉन्ड' हे तिथून काही किलोमीटर पुढे बॅकवॉटरच्या बाजूला. पायी चालत टेस्टिंगला जायचं आणि चालत परत यायचं असेल तर पहिलं, पाणी बघत लोळायचं असेल तर दुसरं. दोन्ही एकच समजून बुक करणारे मी तीन जण तरी बघितलेत. त्याच पट्ट्यात सोमा व्हाइन व्हिलेज आहे, आणि गंगावऱ्ह्याला एमटीडीसीचं म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं ग्रेप पार्क रिसॉर्ट, धरणालगत, बोट क्लब जवळ. सरकारी म्हणून नाक मुरडू नका, पाण्याच्या इतक्या जवळ जागा खाजगी लोकांनाही मिळत नाही. अर्थात सर्व्हिस पंचतारांकित असेल असं समजून जाऊ नका. यॉर्क वायनरीही याच रस्त्याला, 2021 मध्ये सुलाने घेतली, तिथे राहायला नाही गेलात तरी संध्याकाळी टेस्टिंगला जाऊन बसा, समोर बॅकवॉटर दिसतं.

मुकणे धरण हे दुसरं. हे इगतपुरी तालुक्यात, घोटी आणि वाडीवऱ्हेच्या दरम्यान हायवे सोडून आत कावनईच्या बाजूला. इथे व्हॅलोने ही छोटी वायनरी, तिच्याच मोजक्या रूम्स, समोर मळा आणि त्यापलीकडे मुकण्याचं पाणी. ज्यांना गर्दी नको, डीजे नको, सेल्फीवाले नकोत त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती हीच बाजू. रूम मोजक्याच म्हणजे लवकर भरतात, डिसेंबरच्या शनिवारसाठी डिसेंबरात फोन करून उपयोग नाही. जवळच सांजेगावला ग्रोव्हर झाम्पाची वायनरी पण आहे, दुपार तिथे घालवता येते. आणि मुंबईहून येताय तर हे नाशिकच्या आधीच लागतं. आमचे एक ओळखीचे ट्रेनने नाशिक रोडला उतरले, तिथून टॅक्सी करून आलेल्याच दिशेला उलटे गेले, टॅक्सीवाल्याने मनातल्या मनात आशीर्वाद दिले असतील. इगतपुरी स्टेशनला उतरायचं सोडून.

भावली, वैतरणा, दारणा हे सगळं इगतपुरीचं पाणी सुंदर आहे, भारीतले रिसॉर्ट पण आहेत, पण तो भाताचा आणि धुक्याचा मुलूख, द्राक्षाचा नाही. जाहिरातीत 'नाशिक वाइन कंट्री' लिहिलेलं असतं, खिडकीतून भाताची खाचरं दिसतात. मला भाताची खाचरंही आवडतात, पण तुम्ही काय शोधताय ते आधी ठरवा.

दिंडोरीकडे उलटं, बागाच बागा, शाँदों ही वायनरी तिकडेच, करंजवण-वाघाड ही धरणंही आहेत, पण पाण्याकाठी उंची राहण्याची सोय गंगापूरइतकी नाही, तिकडे दिवसा फिरून या. नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात, 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं, हिवाळ्यात पक्षी इतके की विचारू नका, पण ते पहाटे दुर्बीण घेऊन जायचं ठिकाण, रोमान्स पहाटे पाचला उठून करत असाल तर अवश्य.

मग तारीख, आणि इथे पंचांग लागतं

हसू नका. गंगापूर रोड म्हणजे लॉन्सचा पट्टा, आणि बरीचशी मोठी रिसॉर्टं लग्नं घेतात. तुळशीचं लग्न झालं की सुरूच. तुम्ही दोघं मेणबत्ती लावून बसणार आणि शंभर फुटांवर वरात 'बॅन्जो पार्टी' घेऊन नाचणार, ती लोकं पण खुश, तुम्हीच चुकीच्या जागी. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढा, लग्नाच्या तिथी बघा, त्या टाळा. आणि तरीही फोनवर विचाराच, कारण कंपन्यांच्या ऑफसाइटला मुहूर्त लागत नाही.

ड्राय डे दुसरी गोष्ट. 26 जानेवारीचा लाँग वीकेंड बघून लोक सहा महिने आधी वायनरीतली रूम घेतात आणि तिथे येऊन कळतं आज काही मिळणार नाही. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी पक्कं बंद, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी वगैरे आपल्याकडचे आहेतच, शिवाय निवडणूक लागली की वेगळे.

शक्य असेल तर रविवारी दुपारी चेक-इन करून मंगळवारी निघा. शनिवारची गर्दी रविवारी चारच्या आत ओसरते, तीच रूम स्वस्त मिळते, स्टाफकडेही तुमच्यासाठी वेळ असतो. आणि 2027 चा सिंहस्थ लक्षात ठेवा, ऑगस्ट-सप्टेंबरला नाशिक-त्र्यंबकला पर्वण्या आहेत, त्या काळात निवांतपणा विसरा.

फोटो कसे बघायचे

रिसॉर्टच्या वेबसाइटवरचे फोटो बघायचे ते फक्त बाथरूम आणि गादी कशी आहे यासाठी. पाण्यासाठी मॅपवर जा, लोकांनी टाकलेले फोटो बघा, नवीन आधी लावा आणि फोटोचा महिना तपासा. ऑगस्टमधला फोटो बघून एप्रिलचं बुकिंग करायचं नाही, बस. मग सॅटेलाइट व्ह्यू उघडा, रिसॉर्टपासून पाणी किती लांब आहे, मधे रस्ता आहे की दुसऱ्या कुणाची बाग की बांधकाम. आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे हे बघा, बाल्कनीतून सूर्यास्त पाहिजे असेल तर पश्चिम पाहिजे ना, हे इतकं साधं आहे तरी कुणी बघत नाही. एक फोटो मात्र ओळखायला शिका, पूलच्या पाण्याला अगदी चिकटून खालून काढलेला, ज्यात पूलचं पाणी संपतं तिथेच लेक सुरू झाल्यासारखा दिसतो. मधला अर्धा किलोमीटर त्यात गायब झालेला असतो.

फोन करा, चॅट नको

सगळ्यात महत्त्वाचं हेच. अॅपवर बुकिंग खुशाल करा, पण त्याआधी रिसेप्शनला फोन. मागच्या वर्षी मामेभावासाठी मी केलेला फोन साधारण असा होता.

"दादा, लेक व्ह्यू म्हणजे बेडवरून पाणी दिसतं का बाल्कनीत उभं राहून?"

"मॅडम, बाल्कनीतून दिसतं."

"उभं राहून का बसून?"

जरा शांतता. "मॅडम... कठड्यापाशी गेलं की छान दिसतं."

"आणि वरच्या मजल्यावरून?"

"वरून मग मस्त दिसतं मॅडम, पण वरच्या दोनच रूम तशा आहेत."

त्या दोनातली एक घेतली, तीही मेलवर रूमचा नंबर लिहून घेऊन. 'लेक फेसिंग', 'लेक व्ह्यू' आणि 'पार्शल लेक व्ह्यू' या तिन्हीत फरक असतो आणि तो फरक प्रत्येक जण आपापला ठरवतो, म्हणून शब्दावर न जाता असं खोदून विचारायचं. बाल्कनी स्वतःची की शेजारच्यांबरोबर एकच लांबलचक व्हरांडा, हेही विचारा, कारण दोघांनी निवांत बसायचं आणि शेजारचे काका येऊन "कुठून आलात?" सुरू करणार. एकच मोठा बेड आहे की दोन सिंगल जोडलेत, मधल्या फटीने भल्याभल्यांचा रोमान्स आपटलाय. रात्री किचन किती वाजता बंद होतं. आणि हीटर किंवा गीझर लाइट गेल्यावर चालतो का, बॅकअप कशाकशाला आहे.

लग्न न झालेल्या जोडप्यांनी एक जास्तीचा प्रश्न विचारायचा, स्पष्ट, न लाजता, "आम्ही दोघं कपल आहोत, दोघांचे आधार आहेत, चालेल ना?" आणि दोघांपैकी कुणी नाशिकचंच असेल तर तेही आधी सांगा, कारण काही ठिकाणी 'लोकल आयडी' घेत नाहीत, हा त्यांचा घरचा नियम असतो. रात्री नऊला बॅग घेऊन रिसेप्शनला वाद घालण्यापेक्षा दुपारी फोनवर नकार ऐकलेला बरा.

पैशाचं एक गणित

22 सप्टेंबर 2025 पासून रूमचं भाडं एका रात्रीला 7,500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्याच्यावर गेलं की 18. म्हणजे 7,400 ची रूम तुम्हाला 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. दोनशे रुपयाच्या फरकाला जवळपास बाराशे. त्यामुळे रेट साडेसात हजाराच्या जरासा वर असेल तर विचारा, नाश्ता न धरता नुसत्या रूमचा रेट काय, वीकडेला काही कमी होईल का. कधी कधी होतं. नाश्ता बाहेर करा, गंगापूर रोडच्या बाजूला येऊन मिसळ न खाता परत जाणारा माणूस मला बघायचाय, साधनाची चुलीवरची मिसळ आहे, बाकीही आहेत, आणि आदल्या रात्रीच्या वाइनवर सकाळची मिसळ बसते की नाही हा ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न.

'रोमँटिक डेकोर पॅकेज' नावाचा प्रकार मात्र मी कुणाला घेऊ देत नाही. टॉवेलचे दोन हंस, लाल फुगे, आणि पलंगावर पाकळ्या ज्या रात्री दोघांनीच उचलायच्या. अरे हे शहर एकेकाळी गुलशनाबाद म्हणून ओळखलं जायचं, फुलांचं गाव, येताना बाजारातून गुलाबाचा गुच्छ घ्या, पॅकेजच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत.

पोचल्यावर

रूममध्ये बॅग टाकायच्या आधी बाल्कनीत जा. ठरलेली रूम नसेल तर तिथल्या तिथे, चप्पल न काढता, बोलायचं. एकदा बेडवर पसरलात की बदलून मिळत नाही.

टेस्टिंग उन्हं उतरायच्या आधी करा आणि गाडी कोण चालवणार ते पहिल्या ग्लासाआधी ठरवा. सावरगाव रस्त्याला रात्री कॅब मिळेल या भरवशावर राहू नका, अॅपवर गाडी दिसते आणि मग ड्रायव्हर फोन करून "सर, कुठे सोडायचंय?" विचारून कॅन्सल करतो. रिसॉर्टलाच सांगून गाडी ठरवा. वयाचा पुरावा जवळ ठेवा. वाइनचं फार कळत नसेल तर सरळ सांगा, शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनपासून सुरू करा, जरा गोडसर, सोपी असते, थेट शिराझ या रेड वाइनवर उडी मारून "कडू आहे" म्हणणारे पुष्कळ बघितलेत. बागेतली द्राक्षं तोडून खाऊ नका, औषध मारलेलं असतं, शिवाय वाइनचं द्राक्ष बारीक आणि बियांचं, आपल्या खायच्या बिनबियांच्या थॉमसनसारखं नाही, तोंड वाकडंच होतं.

औषधावरून आठवलं. मळ्याला चिकटून रूम असेल तर पहाटे ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा आवाज येऊ शकतो, फवारणी चालू असते, वासही येतो. रिसॉर्ट काही करू शकत नाही, शेजारच्या शेतकऱ्याची लाखोंची बाग आहे, तुमच्या झोपेसाठी तो थांबणार नाही. झोप सावध असेल तर पाण्याकडची रूम घ्या, मळ्याकडची नको.

बॅकवॉटरमध्ये उतरायचं नाही. काठ दिसायला सपाट असतो, खाली गाळ, पाय रुततो, आणि एकदम खोल. दरवर्षी बातम्या येतात. बोटिंग करायचं तर बोट क्लबला, जॅकेट घालून.

परत जाताना बाटल्या घेतल्या तर बिल सांभाळून ठेवा. आणि डिकीत टाकून तिथून त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत उभे राहणार असाल तर बाटल्या दर्शन झाल्यावर घरी निघताना घ्या, दर्शनाला जाताना नको, जानेवारीतलं दुपारचं ऊनसुद्धा बंद गाडीत वाइनची वाट लावतं. मुंबईला समृद्धीने जाणार असाल तर इगतपुरीला चढा, कसारा घाट चुकतो, आणि चिवडा घ्यायचा राहिला असेल तर तो शहर सोडायच्या आधीच आठवा, घोटीला पोचल्यावर मला फोन करून काही उपयोग नाही.